मावशीचे हात, दोनदा काढलेले

परवा व्हिडिओवर बोलताना मी फोन घेऊन वरच्या खोलीत गेले होते, तेव्हा माझ्या मागे एक मोठं चित्र तुम्हाला दिसलं. कोणाचं म्हणून विचारलंत. मी म्हटलं, आपल्या मावशीचं. धाकट्याने मान हलवली, ही तर कुठली तरी राणी आहे असं सांगितलं आणि तो खेळायला गेला. मोठीला पुढचं ऐकायचं होतं, पण तिची शाळेची बस आली. म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते.

मावशी तुम्हाला माहीत आहे ती गरम पोळ्या वाढणारी म्हणून. ती नागपुरातच, हुडकेश्वरला राहते, बावीस वर्षांपासून आपल्याकडे स्वयंपाक करते, आणि तुमच्या बाबांच्या लग्नात पाहुण्यांच्या अर्ध्या पंक्ती तिनेच सांभाळल्या होत्या. चित्र काढणारी मुलगी मात्र तुम्ही पाहिलेली नाही. ती जानेवारीत आपल्याकडे वरची खोली भाड्याने घ्यायला आली. राहणार होती कोराडीलाच, आईवडिलांकडे, वीज केंद्राच्या कॉलनीत. खोली हवी होती ती दिवसभर काम करण्यासाठी. खोली पाहायला येणारे लोक आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. हिने विचारलं, खिडकी कोणत्या दिशेला आहे. उत्तरेला म्हटल्यावर तिने खिडकीत हात धरून पाहिला आणि घेते म्हणाली.

त्याच दिवशी तिने मला आणखी एक गोष्ट सांगून टाकली. तिचे वडील वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करतात. मुलीने चित्रकलेची पदवी घेतली, नंतर दोन वर्षं घरीच चित्रं काढली, तेव्हा त्यांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर या चित्रांतून काही मार्ग निघाला नाही, तर कोराडीजवळच्या एका शाळेत ड्रॉईंग टीचरची जागा होती, ती घ्यायची. नोकरी वाईट नव्हती. पण त्या शाळेत सकाळ-दुपार दोन्ही वेळा वर्ग होते, आणि तेलरंगाचं काम उजेड असतानाच करता येतं. एकदा ती नोकरी धरली की हे काम सुटणार, हे बापलेक दोघांनाही ठाऊक होतं. मला तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. खोली मध्येच सोडावी लागली तर मी रागावू नये म्हणून.

आता ती काढते काय ते सांगते. तुम्ही शाळेच्या सहलीत संग्रहालयात तीन-चारशे वर्षांपूर्वीची युरोपातली माणसांची चित्रं पाहिली असतील. मागे गडद तपकिरी अंधार, डावीकडून येणारा उजेड, त्यात एक चेहरा, गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर, आणि खाली मांडीवर हात. तुमच्याकडे आले होते तेव्हा मीही अशा चित्रांसमोरून एक पूर्ण दुपार फिरले होते आणि पाय दुखले तरी बसले नव्हते. ही मुलगी तोच अंधार घेते, तोच उजेड, तीच बसण्याची ढब, पण बसवते आपली माणसं. आमच्याकडे येण्याआधी तिने एका बस कंडक्टर बाईचं चित्र काढलं होतं, आणि लकडगंजच्या एका सागवान व्यापाऱ्याचं, जो कानावर पेन्सिल खोचून एखाद्या सरदारासारखा बसला होता.

मी तिला एकदा विचारलं, त्यांचीच रीत कशाला, आपल्याकडे चित्रकलेला काय तोटा आहे? ती ब्रश पुसत म्हणाली, "आजी, त्या चित्रांतले लोकही काही सगळे राजे नव्हते. कापडवाले होते, दारू गाळणारे होते. गावात त्यांना चित्रासाठी बसायला सांगणारं कोणी होतं, म्हणून ते आज आपल्याला मोठे वाटतात. आमच्या कॉलनीत तसं कोणी बसलंच नाही."

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी ती खाली आली आणि तिने माझ्याकडे तीन वस्तू मागितल्या. माझी उंच पाठीची खुर्ची, मोत्यांचा तन्मणी, आणि मी शाळेत असताना नन्सच्या हाताखाली बसून विणलेलं क्रोशाचं पांढरं टेबलक्लॉथ. मी सगळं दिलं. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही, मला वाटलं ती मलाच बसवणार. मी कपाटातून वांगी रंगाची पैठणी काढली, गॅलरीत वाऱ्यावर टाकली, सकाळी केस नीट बांधले. वर चहा घेऊन गेले तर खुर्चीत मावशी बसली होती. तन्मणी तिच्या गळ्यात होता. मी चहा ठेवला, उजेड छान आहे म्हटलं आणि खाली येऊन पैठणीची घडी केली. दुसऱ्या दिवशी मावशीने ती पैठणी पाहिली आणि ही नेसू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. एवढं झाल्यावर पैठणी तरी कशाला मागे ठेवायची.

मग सकाळी सात ते साडेआठ असं बसणं सुरू झालं. तोवर मी फक्त दूध-बिस्किटांवर भागवायचे. टेबलक्लॉथची कॉलर मावशीनेच केली. तांदळाची घट्ट कांजी करून तिने ते भिजवलं, इस्त्रीने एकेक चुणी घातली आणि पिना लावून असं ताठ उभं केलं की मुलगी तिच्याकडे पाहतच राहिली. पण एप्रिलमध्ये आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरची ओली हवा लागली की पंधरा मिनिटांत कॉलर मान टाकायची. शेवटी कूलर बंद ठेवायचा असं ठरलं. दोघी घामाने निथळायच्या. मुलगी रोज सांगायची, मावशी, हातावरचं तेल पुसून घ्या, चमक येते. मावशी पदराने हात पुसायची आणि बोलत राहायची. बोलू नका म्हटलं तर म्हणायची, "तुह्या चित्रातली बाई मुकी हाय का वं? मंग मले मुकं काहून करतं?"

मुलीचा एक नियम होता. तो तिने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर मावशीला सांगितला होता. चित्र बसणाऱ्याला पटलं नाही, तर ते त्या खोलीबाहेर जाणार नाही. लकडगंजच्या व्यापाऱ्यालाही तिने हेच सांगितलं होतं आणि त्याने नाकाचा आकार दोनदा बदलून घेतला होता.

जूनमध्ये चेहरा, कॉलर, पैठणी सगळं झालं. मावशीला वर बोलावून दाखवलं. ती बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, मस्त हाय, आणि खाली येऊन तिने त्या दिवशी कोणी न सांगता शिरा केला. हात तेवढे राहिले होते, नुसत्या रेघांत. जुलैमध्ये मावशी गावी बहिणीकडे गेली असताना मुलीने ते फोनवर घेतलेल्या फोटोंवरून पूर्ण केले. नंतर चौकट बसवायची घाई झाली, प्रदर्शन जवळ आलं, आणि पूर्ण झालेलं चित्र मावशीला दाखवायचं राहून गेलं. हे मुलीचं चुकलं. मीही पाहिलं होतं आणि मला ते हात फार आवडले होते, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.

ऑगस्टमध्ये शहरातल्या एका लहान हॉलमध्ये प्रदर्शन होतं. तिची बारा चित्रं होती आणि मावशीचं मधोमध, सोनेरी चौकटीत. उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले होते, निवृत्त, रोज कुठे ना कुठे दीप लावून भाषण करणारे. हॉलवाल्यांनी रीतीप्रमाणे समई ठेवली होती, स्टुलावर सरस्वतीचा फोटो ठेवला होता, आणि तबकात एक हार. पण स्टुलापुढे कोणीतरी मोठा पुष्पगुच्छ आणून ठेवला आणि सरस्वती त्याच्या मागे गेली. पाहुण्यांच्या हातात तबक आलं. त्यांनी समोर पाहिलं. सोनेरी चौकटीत एक धीरगंभीर बाई, गळ्यात मोती. आपल्याकडे अशा कार्यक्रमात अशा फोटोचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चपला काढल्या, पुढे होऊन चौकटीला हार घातला, हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. मागच्या खुर्च्यांवरची माणसं आपोआप उठली. दोघांनी टोप्या काढल्या.

मावशी दुसऱ्या ओळीत माझ्या शेजारी उभी होती, त्याच पैठणीत.

मुलगी धावत गेली आणि त्यांच्या कानात काही बोलली. त्यांनी वळून मावशीकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. हार काढावा तरी वाईट, ठेवावा तरी वाईट. शेवटी हॉलच्या शिपायाने तो काढून सरस्वतीला घातला. नंतर भाषणं झाली. एक कला-प्राध्यापक मावशीच्या हातांवरच दहा मिनिटं बोलले. त्या भेगा, नखांतली हळद, मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग, हा म्हणे आपल्या भागातल्या कष्टकरी बाईचा इतिहास आहे. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चित्र आलं, पण पूर्ण नाही, फक्त हात. आणि तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या एका संस्थेची ईमेल आली. हिवाळ्यात त्यांचं अशाच चित्रांचं मोठं प्रदर्शन होतं. त्यांना मावशीचं चित्र हवं होतं, आणि निमंत्रणपत्रिकेवर ते हात छापायचे होते.

मुलगी ती ईमेल घेऊन धावत खाली आली आणि तिने मला ती मोठ्याने वाचून दाखवली. दिवाळीला अडीच महिने होते. आता वडिलांना दाखवायला तिच्याजवळ काहीतरी होतं.

पण त्या दिवशी मावशी आली नव्हती. आदल्या दिवशीही नाही. फोन केला तर बरं नाही म्हणायची. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. मी काढलेला अर्थ सरळ होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला गेला, ते तिच्या मनाला लागलं. मुलीलाही तेच वाटत होतं आणि ती स्वतःला दोष देत होती. शेजारच्या काकूंनी सल्ला दिला की देवळात नारळ ठेवून आणा, तिच्यावरून ओवाळा, म्हणजे मन शांत होईल. सहाव्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने हुडकेश्वरला गेलो. नारळ माझ्या पिशवीत होता.

मावशीच्या दारात पोचले आणि समोरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहून मला माझी चूक कळली. बावीस वर्षं मी तिला दसऱ्याची सुटी देत आले आहे, कारण त्या दिवशी ती घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर जाते. तिच्या आईवडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. हे मला माहीत असून मी देवळातला नारळ घेऊन गेले होते. पिशवी मागे धरली, पण तिने पाहिलं होतं.

ती हसली. म्हणाली, हाराचं आपण काही मानत नाही, उलट त्या साहेबाचा चेहरा पाहून तिला तिथेच हसू येत होतं आणि ते दाबून धरताना पोट दुखलं. नारळ तिने माझ्या पिशवीतून काढून घेतला. "आनला तं राहू द्या, चटनी होईन." मग आम्हाला बसवून तिने चहा टाकला.

मग तिने कपाटातून वर्तमानपत्राचं ते कात्रण आणलं आणि मुलीच्या पुढ्यात ठेवलं. तिच्या मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने कौतुकाने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं होतं. तासाभरात तिच्या नणंदेचा फोन आला, हाताला काय झालं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं म्हणून. गल्लीतल्या बाया बोलता बोलता तिच्या हातांकडे पाहायला लागल्या. दुकानात सामान घेताना ती हात पदराखाली धरायला लागली.

मुलगी म्हणाली की मावशी, लोकांना ते हात फार सुंदर वाटले. दिल्लीचं पत्र आलं आहे. त्यात लिहिलंय.

"वाटले असतीन," मावशी म्हणाली. "मले सांग, खुर्ची बाईची, मोती बाईचे, लुगडं बाईचं, गळ्यातली जाळी बाईची. सगळं उसनं आनलं तू माह्यासाठी. मंग हातच तेवढे माहे काहून ठेवले?"

"कारण तेच खरे होते, मावशी."

"खरे तं होतेच. म्हनून मी रोज सकाळी लिंबाचं साल घासून, खोबऱ्याचं तेल लावून येत होती. तू रोज पुसाले लावलं." तिने कात्रणाची घडी केली. मग म्हणाली, "तू फोनात दाखवल्या त्या गोऱ्या बायाईच्या हाताले काय भेगा नसतीन? पन त्याईच्या चित्रवाल्यानं त्याईले सांभाळून घेतलं. तू मले नाई घेतलं."

त्या हातांचं मी हॉलमध्ये दोघांजवळ कौतुक केलं होतं, आणि त्या वेळी ज्या बाईचे ते हात होते ती माझ्या शेजारी उभी होती, हे मला आठवत राहिलं.

परत येताना रिक्षात मुलगी म्हणाली की ती दिल्लीला नकार कळवणार. नियम तिचाच होता आणि तो तिनेच मोडला होता. पण दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आली आणि तिला हे कळल्यावर ती आणखी रागावली. दिल्लीला पाठवू नको असं तिने म्हटलंच नव्हतं. तिने म्हटलं होतं, हात बदल. मुलगी म्हणाली, गुळगुळीत हात मी काढू शकत नाही, ते मला खोटं वाटतं, तेवढं सोडून काहीही सांगा. मावशी म्हणाली, मंग ठेव तसंच.

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस घरात फार वाईट गेले. एक खाली, एक वर. मावशी चहा करायची, पण वर न्यायला मला सांगायची. मुलीने दिल्लीला थोडा वेळ मागितला होता. तिने नवं काम सुरू केलं नाही. एकदा मी वर गेले तर ती फॉर्म भरत बसली होती, शाळेच्या नोकरीचा. अर्धा भरलेला होता.

मी माझ्या परीने एक केलं. माझ्याजवळ त्या जुन्या चित्रांचं एक जाड इंग्रजी पुस्तक आहे, मला कॉलेजात बक्षीस मिळालेलं. ते मी स्वयंपाकघरात नेऊन ओट्याच्या कोरड्या टोकाला ठेवलं आणि मावशीला म्हटलं, सवड होईल तेव्हा पाहा. तिने कणीक मळून झाल्यावर हात धुतले, पुसले आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. ती चेहऱ्यांकडे पाहतच नव्हती. एकेका चित्रात ती फक्त हात पाहत होती. कोणाच्या हातात पंखा, कोणाच्या पुस्तक, एकीच्या मांडीवर कुत्रं. "यायचे हात काम नाई करून राहिले," ती म्हणाली, "पन रिकामे बी नाई ठेवले कोनं." मग एका पानावर ती थांबली. काळ्या कपड्यातली एक बाई होती, एक हातमोजा घातलेली आणि दुसरा काढून हातात धरलेली.

तिने विचारलं, तिकडे थंडी असते म्हणून का? मी सांगितलं, थंडीसाठी असतात तसे ऐपत दाखवायलाही असत. हात उन्हावाऱ्यात घालावे लागत नाहीत हे लोकांना दिसावं म्हणून. हे सांगताना मला थोडं अवघड वाटलं, पण तिने मान डोलावली, जणू काही तिला ते आधीच माहीत होतं.

मावशी तीन वर्षांपासून स्कूटी चालवते. नागपुरात स्कूटी चालवणाऱ्या सगळ्या बायका करतात तसंच तीही करते. तोंडाला ओढणी, डोळ्यांना गॉगल, आणि हातांत कोपराच्या वरपर्यंत येणारे सुती हातमोजे. तिचे चॉकलेटी रंगाचे आहेत, त्यावर पांढरी फुलं. तिने पुस्तक मिटलं, गॅस बंद केला, बाहेर जाऊन डिक्कीतून ते मोजे काढले आणि कोणाला काही न सांगता जिना चढून वर गेली. मी खालीच थांबले. थोड्या वेळाने वरून तिचा आवाज आला. चढा नव्हता, रोजचाच होता. ती सांगत होती की डावा घालीन, उजवा घालणार नाही, आणि तेल पुसाले सांगशीन तं मी चालली.

पुन्हा सकाळी सातचं बसणं सुरू झालं. या वेळी कूलरचा प्रश्न नव्हता, कॉलर आधीच रंगवून झाली होती. काम फक्त हातांचं. जुने हात मुलीने खरवडून काढले. ज्या हातांवर प्राध्यापक दहा मिनिटं बोलले होते ते एका सकाळी पुसले गेले आणि तिथे करडा डाग उरला. मुलीने त्यावर लगेच नव्या रेघा ओढायला घेतल्या.

आता तुम्ही चित्रात जे पाहिलंत ते हेच. डाव्या हातात फुलांचा मोजा, कोपराच्या वरपर्यंत. उजवा हात उघडा, डावीकडच्या मोज्याचा जोडीदार त्यात धरलेला. उजव्या हातावर भेगा आहेत, भाजल्याचा डागही आहे, मुलीने एकही लपवला नाही. पण तेलामुळे बोटांवर उजेड असा पडतो की आधी तो उजेड दिसतो आणि मग बाकीचं. मुलगी म्हणाली की तेलाची चमक रंगवणं कठीण असतं, म्हणूनच ती पुसायला लावत होती, आणि आता ती जमल्यावर तिला कळलं की तीच हवी होती. मावशीने या वेळी चित्राजवळ जाऊन, मग दारापर्यंत मागे जाऊन, मग माझा चष्मा मागून घेऊन पाहिलं. "हां, हा हात माहा हाय," ती म्हणाली.

दिल्लीला मुलीने नव्या चित्राचा फोटो पाठवला आणि आधीचे हात आता अस्तित्वात नाहीत हे स्पष्ट लिहिलं. ते पत्र मीच तिला इंग्रजीत नीट करून दिलं. माफी मागणारं एक वाक्य तिने लिहिलं होतं, ते मी काढायला सांगितलं. मग तीन आठवडे काही नाही. नवरात्र गेलं, दसरा गेला. ती रोज कोराडीहून बसने यायची, फोन पाहायची आणि कामाला लागायची. शेजारच्या शाळेतल्या वॉचमनच्या बायकोचं चित्र तिने सुरू केलं होतं, पण मन नव्हतं.

उत्तर आलं ते चार ओळींचं होतं. पत्रिकेवर आता दुसऱ्या एका चित्रकाराचं चित्र जाणार आहे. मावशीचं चित्र मात्र त्यांना प्रदर्शनात हवं आहे, आणि एका भिंतीवर त्याच्यासोबत तिची आणखी दोन चित्रं लावता येतील.

त्याच आठवड्यात रविवारी, सकाळची पाळी संपवून, तिचे वडील आले. आधी ते कधी आले नव्हते. उंच, कमी बोलणारे गृहस्थ, बुटांच्या शिवणीत कोळशाची काळी रेघ. बूट त्यांनी फाटकाबाहेरच काढले. शाळेचा नवा फॉर्म त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, कारण मुलीने आधीचा पूर्ण केला नव्हता आणि शेवटची तारीख जवळ आली होती. आम्ही वर गेलो आणि मुलीने त्यांना दिल्लीची ईमेल दाखवली. त्यांनी ती फोनवर दोनदा वाचली आणि फोन माझ्याकडे दिला.

"मॅडम, इंग्लिश मले येते, पन यायचं बोलनं समजत नाई. हे पास आहे का नापास?"

मी जसं होतं तसं सांगितलं. पहिला नंबर, म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरची जागा, मुलीने चित्र बदललं म्हणून गेला. पण पास आहे. भिंत दिली आहे, तीन चित्रांची.

ते मान खाली घालून ऐकत होते. पहिला नंबर का सोडला, असं त्यांनी मुलीला विचारलं. ती उत्तर देणार तेवढ्यात मावशी चहा घेऊन वर आली. मुलगी म्हणाली, यांनाच विचारा. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि गोंधळले. मग म्हणाले, हे तुमचं चित्र?

"हाव. पहिले चुकलं होतं," मावशी म्हणाली. "पोरीनं दुरुस्त केलं. दुसरी कोनी असती तं मलेच म्हनली असती का तुमचे हात चुकले." आणि त्यांच्या हातात कप देऊन ती खाली गेली.

त्यांनी चहा हातात तसाच धरून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते काय पाहत होते ते मला माहीत नाही. एकदा त्यांनी स्वतःचा मोकळा हात उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं ते अगदी वेगळंच. चित्र दिल्लीला जाणार कसं? मुलगी म्हणाली, पुठ्ठ्यात गुंडाळून, पार्सलने. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुठ्ठ्याने काम होत नाही, कोपरे मार खातात, आत कॅनव्हासला भोक पडतं. खोका पाहिजे, लाकडी, आतून पट्ट्या मारलेला. प्लँटमध्ये विजेच्या मोटारी येतात त्या अशाच खोक्यात येतात. त्यांनी वितीने चित्राची उंची मोजली, रुंदी मोजली, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिले आणि तो कागद पुन्हा खिशात ठेवला. लकडगंजला मंगळवारी जाईन म्हणाले, वीकली ऑफ त्या दिवशी आहे.

मुलगी तिथेच उभी होती. फॉर्मच्या पुढच्या बाजूबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही.

मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. बूट घालताना ते वाकलेलेच होते, तेव्हा म्हणाले, "मॅडम, ही खोली पुढच्या वर्षी दुसऱ्या कोनाले द्याची ठरली आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग तिलेच राहू द्या," ते म्हणाले आणि बसच्या थांब्याकडे निघाले.